बिनघंटीची सायकल

पिक्चर पाहून आलेली मंजू जालन्याच्या स्टँडवर परतूरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकड्यावर एक म्हातारा-म्हातारी त्याच पिक्चरबद्दल बोलत होते. मंजूचा कान तिकडंच लागला.

“हिरो बी येडाच म्हणायचा. तरणेपणी आवडलेल्या पोरी हुडकत गावोगाव हिंडला!”

“तुम्ही कुठं गेले असते?”

“माझी कोण असंल? तुझंच सांग.”

“सांगू? राग तर न्हाई ना येणार?”

“आता या वयात?”

“लग्नाआधी मी कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जायची. तवा हर बाजारी एक सायकलवाला मागून यायचा. सायकलला घंटी नव्हती. तोंडानंच वाजवायचा, ट्रिंग ट्रिंग.”

“दिसायला कसा होता?”

“मान वर करून पाह्यची सोय होती का तवा? नुसता आवाज ऐकला. लई गोड वाटायचा.”

“मंग?”

“मंग तुमच्यासंगं सोयरीक जमली अन् माझा बाजार बंद झाला.”

“लग्नात तुझ्या बापानं मला नवी सायकल दिल्ती. याद हाये?”

“हाये की. दिवसभर घंटी वाजवत गावभर फिरले तुम्ही. मला वाटलं, बापानं येड्याच्या गळ्यात बांधली!”



गाडी लागली. म्हातारा पिशवी घेऊन म्हातारीच्या मागं उभा राहिला. म्हातारीनं पायरीवर पाय ठेवला, तोच मागून आवाज आला, “ट्रिंग ट्रिंग!”

ती तिथंच थबकली. मागं वळून पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला.

“मावशी, चढा की जल्दी!” कंडक्टर ओरडला.

“थांब रे बाबा. मागून सायकल येऊन राह्यली.”