सामानाच्या खोलीतल्या फळ्या

…नाय नाय मिस्तरी, ओढू नका ते दार, उघडायचं नाय — सूनबाईनं बाहेरून कुलूप घातलंय. रॉकेलच्या लायनीत गेली ती. तुम्ही आत रंधा मारताय हे तिला ठाऊक नाय का? ठाऊक हाय की. पण सवयीनं हात चालतो माणसाचा. मी एकटा असलो की घालते, आज माझ्यासंगं तुम्हीपण सापडलात — बसा. बिडी वढायची तर खिडकीत वढा. लाईन हलली की येईल ती. मला आता त्याचं काय वाटत नाय. आन् वाटलं तर सांगायचं कुणाला? मागं एकदा नुसता खाली उतरलो होतो, पिंपळगावची यष्टी कुठून सुटते एवढंच विचारायला, तर खंडू — माझा पोरगा — हाफिसातून पळत आला. घाबरला बिचारा. तवापासून कुलूप. काळजीनंच हो, दुसरं काय.

तर मी काय सांगत होतो — खालची फळी. ती भुईपासून वीतभर वर घ्या, आन् भिंतीला टेकवू नका, पलीकडं मोरी हाय, ओल धरते ही भिंत. गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या खाली, बाजरी तिच्या शेजारी, डाळी मधल्या फळीवर — रोज हात लागतो त्याला — आन् पापड-कुरडया पार वर, त्या काय रोज कुणी काढत नाय. लताबाई, सूनबाई माझी, म्हणते, समदे डबे एकसारखे पायजेत. तुपाचे रिकामे डबे आणलेत, रंग दिलाय, वर नावं लिहायचीत. दिसायला झ्याक दिसतील. पण मला कुठं वाचता येतंय? परवा दुपारी एकलाच होतो, चहा टाकला आन् साखर म्हणून मीठ घातलं. प्यालो तसाच. दूध वाया कसं घालवायचं? तिला काय बोललो नाय. म्हणलं, आपल्याला कितीक दिस काढायचेत हितं, त्यांच्या सोयीनं लावू दे की.

ही खाट? माझीच. हितंच निजतो मी. दोन खोल्यांचं घर, पोरं अभ्यासाला बसतात, माणसानं पाय कुठं पसरायचे? आन् गहू उशाला असला की मला झोप लागते, खोटं नाय सांगत. पण खाटेची जागा सोडू नका मिस्तरी, तिथंबी फळ्या मारा. लताबाईनं सोडायला सांगितलीय? सांगू दे. तिचं मन मोठं. मी पोळ्याला जाणार गावाला — मग ही रिकामी जागा काय करायची? पाडव्यानंतर आलो मी, गव्हाबरोबर टेम्पोत बसून. वाळवायचा, निवडायचा, एरंडेल चोळून भरून द्यायचा आन् माघारी फिरायचं, दरसाली असंच. साळूबाई, माझी बायको, होती तवा दोघं यायचो. यंदा खंडू म्हणला, नाना, आखाजीचा सण करून जा. मग म्हणला, पाऊस पडू द्या. मग म्हणला, घराचं छप्पर गळतंय, मी बघून घेतो, मग जा. गेला की तो दोनदा! मला नाय नेलं, यष्टीत कंबर दुखंल म्हणून. पण पोळ्याला मी लागतोच. बैल आता भावाच्या पोराकडं असतात, पर ओवाळायला आधी माझ्या, पुंजारामच्या, दारात आणतात, ही रीतच पडलीय गावात. मग दाराशी पुंजाराम नको का?

द्या, ह्या टोकाला मी धरतो. म्हातारा असलो तरी फळी धरता येती. वजन हाय हो हिला! जुनं सागवान. वखारीतलं नाय वाटत. खंडूनं आणून दिलं? टेम्पोतनं? कुठून म्हणला?… असंल, असंल.

थांबा जरा. करवत थांबवा. उजेडाला फिरवा ती. हितं कडेला ओरखडा हाय ना, हा काय हत्यार लागून झालेला नाय — शिंगाचा हाय. पाखऱ्या बैल होता माझा, लय खोडीचा. पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावला की ओला असतानाच मान फिरवून दारावर घासायचा. दरसाली त्याच जागी. साळूबाई वरडायची, "ह्याच्या बापाचं दार हाय का रे!" आन् मी म्हणायचो, मग कुणाचं हाय? बघा, नखानं खरवडा तिथं, लाल निघंल.

निघालं ना.

माझं दार नसंल हो. बैल का माझ्या एकट्याच्याच दारी होते? समद्या गावात… ती दुसरी दाखवा. हां. ही कोयंड्याची भोकं. खालचं मोठं झालंय — खिळा ढिला व्हायचा, मीच ठोकायचो दुसरा.

म्हणजे घर पाडलं. मातीच्या भिंती, दार काढल्यावर उभ्या तरी कशाला राहतील? छप्पर बघून घेतो म्हणला होता… पोरगा वाईट नाय मिस्तरी. सांगायचं कसं म्हणून गप बसला असंल. लहानपणीबी असाच, काही फुटलं की दोन दोन दिस समोर यायचा नाय. आन् लताबाईला ठाऊक असंल का? असंलच. म्हणून तर जागा सोडा म्हणली.

मग सोडा जागा.

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघू नका असं. ती आल्यावर काय बोलायचं नाय, म्हाताऱ्यानं वळखलं म्हणून. स्वयंपाकाची वेळ होईल तिची. हा लाल डाग तेवढा रंध्यानं काढून टाका — पिठाचा डबा ठेवतील तिथं, हिंगूळ पोटात जायला नको, पोरं हायत घरात. थोडा अजून. अजून. हां, गेला.

कापा आता. काय झालं? धरलीय की मी घट्ट. मी कुठं हलतोय? कापा म्हणतो ना.