वीस वर्षं न उपसलेली टाकी

...हासा, हासून घ्या, तुमीच काहून मांगं राह्यता, अख्खा वलगाव हासला, अकोल्यात माह्या दुकानावर भाजी घेणारे हासले, एक जण तर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात धरून असा हासला का जुडी तिथंच ठेवून निघून गेला. "शालिकराम, तुह्या भाऊजीनं म्हणे इंग्लंडात जाऊन संडासाच्या पाण्यावरची भाजी खाल्ली?" खाल्ली बापा, खाल्ली, नाई कोण म्हणते? पण कशी खाल्ली, काहून खाल्ली, हे कोणी विचारत नाई, अन् मले तेच सांगाचं आहे, कारण तो माणूस माह्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, अन् तुमाले सांगतो, त्याच्यात त्या माणसाचं काय चुकलं हे मले अजून समजलं नाई.

भगवंतराव म्हणजे कोण? चाळीस वर्षं वलगावात वांगे, पालक, मेथी पिकवणारा माणूस. सकाळी अमरावतीच्या बाजारात माल टाकाचा अन् दुपारी परत वावरात. एकुलता एक पोरगा रोहित, कंप्युटरवाला, दहा वर्षं झाले इंग्लंडात. सून वर्षाली आमच्या अकोल्याची, सोयरीक म्याच जमवली, म्हणून तर दोन्हीकडचं ऐकाचं माह्याच नशिबी आलं. आता दहा वर्षांत रोहितनं बापाले काय विचारलं असन? "बाबा, गोळी घेतली का." बस. गाडी घेतली, घेतल्यावर सांगतलं. नोकरी बदलली, बदलल्यावर सांगतलं. पोट्टा वाईट नाई हो, चांगला आहे, पण बापाले विचारावं असं त्याच्याजवळ काई उरलंच नव्हतं. अन् मंग मागच्या साली अचानक फोन. "बाबा, आमी खेड्यात घर पाहून राह्यलो, मांगं बरीच मोकळी जागा आहे. तुमी अन् आई या. जमीन तुमाले समजते. तुमी हो म्हटलं तर घेतो."

भाऊजीनं मले फोन केला. म्हटलं काय झालं, आवाज असा काहून? तर म्हणे, "शालिक, पोट्ट्यानं विचारलं रे मले." एवढंच बोलले अन् फोन ठेवून देला. माहे डोळे भरले, खरं सांगतो, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी भरले.

तर गेले दोघं. पासपोर्ट, व्हिसा, विमान, ते सगळं सोडा, नाई तर इथंच संध्याकाळ होईन. घर पाहाले गेले. मालकीण एक म्हातारी, मार्गारेटबाई, सत्तर-पंच्याहत्तरची, एकटी. ती आपली दाखवून राह्यली, हे स्वयंपाकघर, ही खिडकी, हा जिना, अन् भाऊजी कुठं? भाऊजी मांगच्या दारातून बाहेर. घराकडं त्या माणसानं पाह्यलंच नाई. वर्षाली म्हणे, "बाबा, आत तरी पाहा ना." तर म्हणे, "भिंती काय, उद्या पाडून बांधता येते, जमीन बांधता येते का?"

आता त्या वर्षी तिकडं पाऊस नाई. सगळं आंगण वाळून भुरकं पडलेलं, गवत पायाखाली कडकड वाजे. अन् त्या वाळल्या आंगणाच्या मधात एक पट्टा, दहा-बारा पावलं रुंद, असा हिरवागार का बस. भाऊजी जागीच थांबले. खाली बसले. ढेकूळ उचललं, मुठीत चुरलं, नाकाले लावलं. वास आला म्हणे थोडा. पण चाळीस वर्षं शेणखतात हात घालणाऱ्या माणसाले त्या वासाची काय भीती? तो म्हणे, "वर्षाली, हे पाहा, खत भरून ठेवलेली जमीन आहे." अन् त्या पट्ट्याच्या कडेला, जुन्या वाफ्यात, काय उगवलं असन? चाकवत! कमरेएवढा. इंग्लंडात! तिथल्या लोकाले ते तण, कोणी पाहातबी नाई. आमच्या बाईनं, म्हणजे माह्या बहिणीनं, पार्बताबाईनं ते पाह्यलं अन् पदर खोचला. मार्गारेटबाईले हातवारे करून विचारलं, घेऊ का? तिले वाटलं पाहुणे आंगण निंदून देऊन राह्यले. ती म्हणे, घ्या घ्या, सगळंच घ्या. दोघंही खूश. पिशवी भरून चाकवत आणला, ताक घालून, दाण्याचा कूट टाकून भाजी केली, फोनवर मले दाखवली, रोहितनं दोनदा घेतली. आता तुमीच सांगा, एवढ्यापर्यंत काय चुकलं त्या माणसाचं?

बरं, माणूस येडा नाई. त्यानं टाकीचंबी विचारलं. कारण त्या खेड्यात गटारीची लाइन नाई. घरातलं सांडपाणी, संडासाचं पाणी, सगळं आंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत, अन् टाकीतून वरचं पाणी भोकाभोकाच्या पाइपातून जमिनीत मुरते. आपल्याकडं शोषखड्डा असते, तसंच समजा. भाऊजीनं रोहितले सांगतलं, "विचार तिले, टाकी किती वर्षांपासून उपसली नाई?" रोहितनं विचारलं. मार्गारेटबाई मोठ्या अभिमानानं सांगते, "वीस वर्षं झाले, माझे मिस्टर होते तेव्हापासून झाकण उघडलं नाही!"

भाऊजीनं तिले हात जोडले.

हासू नोका. आपल्याकडं काय आहे? सोयरीक जमवाले बसले म्हणजे पोराचा बाप काय सांगते? "घर पक्कं, नळ दारात, अन् टाकी बांधून पंधरा वर्षं झाले, अजून भरली नाई." टाकी भरली नाई म्हणजे बांधणारा मिस्त्री हुशार, जमीन चांगली, घराले बरकत. ज्याची टाकी दर दोन वर्षांनी उपसाले गाडी येते त्याच्याकडं गल्ली नाक धरून पाहाते. तर वीस वर्षं, म्हणजे त्या बाईनं जणू पदकच दाखवलं. भाऊजी म्हणे, "घे रोहित. डोळे मिटून घे. जमीन जिवंत आहे, टाकी सोन्याची आहे." अन् पोट्ट्यानं बापाच्या शब्दावर हो म्हणून टाकलं. सांगा, चुकलं?

आता तिकडं कसं आहे, घर घेतलं म्हणजे घेतलं असं नाई. पहिले तपासणीवाला येते. हा आला तर लाल मिशांचा, उंच, गुडघ्याएवढे रबरी बूट घातलेला. त्यानं मार्गारेटबाईले विचारलं, टाकी कवा उपसली? ती परत त्याच अभिमानानं म्हणे, वीस वर्षं. त्याचा चेहरा असा पडला म्हणे, जसा डॉक्टरचा एक्सरे पाहून पडते. संडासात गेला, बाटलीतून लाल रंग ओतला, चार-पाच वेळा पाणी सोडलं अन् येऊन आंगणात उभा राह्यला, घड्याळ पाहात. अन् आमचे भाऊजी तवा कुठं? त्याच पट्ट्यावर. चाकवत तोडून राह्यले, दुसऱ्या खेपेचा. पायात वहाणा. तपासणीवाला लांबूनच हात दाखवते, "सर, प्लीज, सर, डोन्ट मूव्ह." भाऊजीले वाटलं फोटो काढून राह्यला. ते पिशवी छातीशी धरून हासत उभे राह्यले. अन् पायाच्या बोटांमधून, हळूच, लाल पाणी वर आलं.

मंग रोहितनं समजावून सांगतलं. टाकी वीस वर्षं उपसली नाई तर गाळ कुठं जाईन? पाइपात गेला. पाइप तुंबले. पाणी खाली मुरेना तर वर याले लागलं. म्हणून तो पट्टा उन्हाळ्यात हिरवा. तपासणीवाल्यानं कागदावर लिहिलं, यंत्रणा निकामी. अन् वर्षाली, ती हळूच विचारते, "आई, परवाची भाजी कुठल्या बाजूची होती?" बाई काय सांगते, माही भोळी बहीण, ती म्हणते, "अवं, ताक घालून केली होती, चांगली उकळली होती." वर्षाली जी उठून गेली ती तासभर आलीच नाई. अन् एक गोष्ट कोणी सांगत नाई म्हणून म्या सांगतो, पोट कोणाचंच दुखलं नाई. एकाचंबी नाई.

पण खरं दुखलं ते वेगळंच. रोहित बापावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाई. म्हणे, "जाऊ द्या बाबा, दुसरं घर पाहू. तुमी आराम करा." आराम करा. आता या दोन शब्दांत किती मार असते ते ज्याले पडते त्याले माईत. भाऊजी दोन दिवस जेवले नाई. तिकडच्या सकाळी मले फोन केला, "शालिक, पोट्ट्यानं दहा वर्षांत एकदा विचारलं अन् म्या त्याले हागणदारी दाखवून सोनं म्हटलं. आता तो कायले विचारते मले पुन्हा?" म्या म्हटलं, भाऊजी, तुमी तिथं जाऊन दुसऱ्याच्या मातीले काय ओळखान? तर म्हणे, "माती तर म्या ओळखली नाई, शालिक. म्या हिरवं पाह्यलं अन् माती पाहाची राहून गेली."

दुसऱ्या दिवशी हा माणूस रोहितले न सांगता बसनं त्या गावाले गेला. भाषा नाई, ओळख नाई, कागदावर गावाचं नाव लिहून नेलं, तो कागद ड्रायव्हरले दाखवला. मार्गारेटबाईनं दार उघडलं तर हा हात जोडून उभा, मांगं बोट दाखवून राह्यला. तिनं पहिले चहा पाजला. मंग भाऊजी तिचं फावडं घेऊन साऱ्या आंगणात फिरले, चार ठिकाणी वीतभर खणलं. पट्ट्याजवळची माती चिकट, बोटाले धरून ठेवणारी, उन्हात भेगा पडलेली. म्हणजे काय? म्हणजे आपली काळीच, फक्त रंग पिवळा! काळ्या जमिनीत पाणी मुरते का? आपल्या वलगावात शोषखड्डे पावसाळ्यात काहून तुंबते, ते त्याले जन्मापासून माईत. ती जमीन पाणी धरून बसते, पिकाले चांगली, टाकीले वाईट. मंग सगळ्यात मांगं, कुंपणाजवळ, उतारावर एक कोपरा होता. खडकाळ, पांढुरका, गवतबी नाई, सशांनी बिळं केलेले. असा कोपरा आपल्या वावरात असता तर भाऊजीनं त्याले शिव्या देल्या असत्या. त्यानं तिथं खड्डा खणला, मार्गारेटबाईनं बादलीनं पाणी आणून देलं, दोघं म्हातारे वाकून पाहात बसले, अन् पाणी घटघट गेलं.

रोहितले फोन केला, म्हणे त्या मिशीवाल्याले पुन्हा बोलाव. रोहित म्हणे, बाबा, काहून? म्हणे, "एकदा बोलाव. मंग म्या आराम करतो."

तो आला, पाणी किती वेळात मुरते हे मोजाची त्याची पद्धत असते, खड्डा भरून रात्रभर ठेवाचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून घड्याळ लावाचं. त्यानं आपल्या मनानं पट्ट्याच्या बाजूले एक खड्डा घेतला अन् भाऊजीच्या कोपऱ्यात एक. त्याच्या खड्ड्यात पाणी जसंच्या तसं, म्हैस बसावी असं. अन् कोपऱ्यातलं, तुमाले सांगतो, हवं तितकंच, ना लवकर ना उशिरा. मिशीवाला कागदाकडं पाहाते, कोपऱ्याकडं पाहाते, अन् रोहितले विचारते, "तुमचे वडील इंजिनियर आहेत का?" रोहितनं काय सांगतलं असन? तो म्हणे, "नाही, ते भाजी लावतात. पण या घराचं सगळं त्यांना विचारूनच होतं." भाऊजीले इंग्रजी समजत नाई, पण पोट्ट्यानं खांद्यावर हात ठेवला ते समजलं. भाऊजी तिथंच कुंपणाकडं तोंड करून उभे राह्यले. मार्गारेटबाईनं नवी टाकी अन् त्या कोपऱ्यात नवे पाइप बसवून देले अन् घर रोहितचं झालं. आता सांगा, चुकलं त्याचं?

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. या साली दोघं परत गेले, नव्या घरी. जातांनी भाऊजीनं काय नेलं? बी. वांग्याचं, पालकाचं, मेथीचं, बाईच्या लुगड्याच्या घड्यांमध्ये. अन् तिथं गेल्यावर रोहितनं तपासणीचा शेवटचा कागद वाचून दाखवला. नव्या पाइपांवर भाजी लावाची नाई, झाड लावाचं नाई, खणाचं नाई. जुन्या पट्ट्यावर खाचं काई लावाचं नाई. मधातून नवी लाइन गेली, तिथं फावडं माराचं नाई. मंग काय कराचं? फक्त गवत ठेवाचं. पोट्ट्याच्या नावावर एवढी जागा, अन् चाळीस वर्षं भाजी पिकवणाऱ्या माणसाले मेथीचा एक वाफा कराची सोय नाई.

काल फोन आला. कॅमेरा फिरवला तर भाऊजी गुडघ्यावर बसून पिशवीतून बी पेरून राह्यले, रांगेनं, मेथी पेरावी तसे, मन लावून. म्हटलं काय पेरता? म्हणे, गवत. अन् मंग तोंड फोनजवळ आणून, कोणी ऐकू नाई असं विचारते, "शालिक, तुह्या दुकानावर शेतकरी येते, कोणाले तरी विचार ना, गवत जोमात याले काय टाका लागते?"

म्या म्हटलं, काई टाकू नोका भाऊजी. चाळीस वर्षं वलगावात तुमी गवत उपटून उपटून मेले, ते न टाकताच आलं.