वाचनालयातले तांदूळ

मालगुंडहून रत्नागिरीला निघालेल्या दुपारच्या एसटीत ईशाला गुंगी आली होती. पुढच्या बाकावरच्या दोघी शेजारणींचं बोलणं तिच्या कानावर लाटेसारखं येत-जात होतं.

“गंगुबाई, पिशवीत काय गो?”

“तांदूळ. वाचनालयात परत द्यायला चाललेय.”

“परत? अगो, तिथलं ते शिध्याचं कपाट गरजवंतांसाठीच ठेवलंय. न्यायचं आणि खायचं.”

“खाल्ले की अर्धे. पेज करून, पुरवून पुरवून.”

“आणि हे अर्धे?”

“फरीदा, वाचनालयातली वस्तू एकट्यानं संपवायची असते काय? आपलं झालं की दुसऱ्याला द्यायची. मागं कोण ना कोण वाट बघत असतं.”

“ते पुस्तकांचं गो!”

“कपाट पुस्तकांचंच आहे ना?”

“तिथल्या बाईंनी सांगितलं नाही तुला?”

“तिथं कोण काय बोलत नाही, म्हणून तर जाते. दुसरीकडे हात पसरला की गावभर होतं.”

आरे-वारेच्या वळणावर समुद्र एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला. ईशानं डोळे उघडले नाहीत.

“मग आज चुलीवर काय ठेवशील?”

“काल भात केला. पेज नाही हां, चांगला मोकळा भात. डोळे मिटून जेवले. आई वाढतेय असंच वाटत होतं.”

“ते काल. मी आजचं विचारते.”

“वास आहे की अजून घरात. तो काय कोण परत मागत नाही.”