नाराजीनामा

मंडळी, नमस्कार. शिरीन, बाळा, आज तुझ्या बाबांच्या शोकसभेत बोलायचंय, पण तुझ्याकडं बघितलं की सगळं विसरते. म्हणून मी त्या खिडकीकडं बघून बोलणार. भाषण मला येत नाही. चौथीत शाळा सुटली. लंडनात एजवेअरच्या ह्या हॉलमधे दर गुरुवारी म्हाताऱ्यांचं जेवण रांधते, तेवढीच माझी ओळख.

आत्ताच सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, साहेबांच्या राजकारणाचं नको हं. कुणाचातरी फोन आलाय. चांगला शेजारी होता, एवढंच बोला."

का? एवढंच का?

फरहादसाहेब इराणचे मंत्री होते. पाण्याचं खातं होतं. धरणासाठी गावं उठवायची, लोक हटेनात. वरून हुकूम आला, पोलीस घाला. साहेबांनी खुर्चीच सोडली. पुढं राजा गेला, नवे आले. त्यांनी तीच खुर्ची पुन्हा देऊ केली. साहेब म्हणाले, आधी तुरुंगातली माणसं सोडा. तर ह्यांनाच आत टाकलं! सुटले ते पोरीला घेऊन इथं आले.

पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी पंगतीत ओळख करून दिली, "ह्यांनी राजीनामा दिलेला." साहेबांनी चमचा आपटला. "राजी? कोण राजी?" अहो, शब्द त्यांच्याच भाषेतनं आपल्याकडं आलेला! राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे कागद. माझ्या मोडक्या इंग्लिशमधे मी म्हटलं, "आमच्यात खुर्ची सोडायच्या कागदाला हेच म्हणतात." साहेब हसून हसून लाल. "बाई, तुमची माणसं फार सभ्य! लाथ मारून जातात, वर म्हणतात राजी आहे. माझा नाराजीनामा लिहा."

तेव्हापासून आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. "नाराजीनामा!"

मी म्हणायची, "नामंजूर. गुमान जेवा."

शेवटी हॉस्पिटलात एक नातलग आला. म्हणाला, काका, तिथल्या सरकारला 'चूक झाली' एवढं म्हणा, इराणात न्यायची सोय होते. आईच्या कबरीशेजारी जागा मिळेल. आईशेजारी, मंडळी! कुणाला नको वाटेल? शिरीननं माझा हात गच्च धरला. साहेबांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, म्हणणार. आवाज राहिला नव्हता. नुसते ओठ हलले.

"नाराजी."

म्हणून इथल्या गार चिखलात झोपलेत. एका शब्दापायी आईशेजारची जागा सोडली त्यांनी. आणि आपण एका फोनला भिऊन त्यांना नुसता शेजारी करायचं? फोन करणाऱ्यानं यावं की समोर. जेवायला वाढते, मग बोलू.

आता म्हणे दोन मिनिटं शांत उभं राहायचं. राहू. पण ह्या माणसाला गप्प करायला दोन सरकारं झटली, त्यात आपण भर नको घालायला. आधी मोठ्यानं बोलू. उठा सगळे. सेक्रेटरी, तुम्हीपण. म्हणा माझ्यामागं: राजी नाही!

मोठ्यानं. राजी नाही!

ऐकलंत ना, मंत्रीसाहेब?

हां. आता गप्प राहू.