एकही भोक नसलेली बशी

हॅलो?… कोण?… अगं जरा मोठ्यानं बोल, मागे कसली घरघर चाललीय?… फ्रीझर? तोच का, लॅबच्या कोपऱ्यातला, ज्याचं दार लाथेनं लावावं लागायचं?… अजून आहे? मला वाटलं, माझ्याबरोबरच निवृत्त झाला.

थांब, गॅस बारीक करते. दूध ठेवलंय… हं, बोल बबडे.

नाही गं, झोपले नव्हते. दुपारी झोपलं की रात्री छताशी गप्पा माराव्या लागतात… काय सापडलं?… नमुन्यांची वही? निळ्या पुठ्ठ्याची?… शेवटच्या पानावर चहाचा गोल डाग आहे बघ… आहे ना? तो सरांचा. वहीवर कप ठेवू नका म्हणून आम्हाला दम भरायचे, आणि स्वतः मात्र…

हो, हो, फ्लूच्या साथीचं वर्ष. बाई गं, काय वर्ष होतं ते. विषाणूंवर काम करणारा अख्खा विभाग आडवा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग सरांनी काढलं, जे आजारी पडले नाहीत अशा वीस जणांची नाकं धुऊन आणा… हसतेस काय? मिठाचं कोमट पाणी नाकपुडीत सोडायचं आणि खाली भांडं धरायचं. मला बघितलं की लोक जिना बदलायचे.

का म्हणजे?… अगं, तू मला शिकवू नकोस. सातवीत असताना तुला कोणी समजावलं होतं? या मावशीनंच ना? नाकाच्या ओलाव्यात शरीर आपणहून प्रथिनं सोडतं, कोणी न सांगता. काही चिकट असतात, विषाणूला वाटेतच धरून ठेवतात. आणि एखादी पेशी सापडलीच तावडीत, तर ती शेजारणीला निरोप धाडते, की माझं झालं ते झालं, तू दार लावून घे… हो, तेही प्रथिनच. लक्षात आहे तुझ्या. शहाणी.

तुझ्या आजीला मी हेच सांगितलं होतं. तर म्हणते कशी, मग तुम्ही शिकलेली माणसं उगाच रुमाल कशाला नासवता?

हं… बश्या? त्या काचेच्या होत्या. तुम्ही आता प्लेट म्हणता, आम्ही बशीच म्हणायचो. तळाला पेशींचा थर, त्यावर नाकाचं पाणी आणि विषाणू, आणि चार दिवसांनी जांभळा रंग. विषाणूनं जिथे पेशी खाल्ल्या तिथे रंग धरायचा नाही, भोक दिसायचं. भोकं मोजून मोजून डोळे शिणायचे. पण काय सांगू तुला, खिडकीतून ऊन यायचं आणि त्या जांभळ्या बश्या ओळीनं… मला अजून स्वप्नात येतात.

कोण?… अकरा नंबर?… भांडारवाले काका लिहिलंय ना? मग काकाच… त्यांच्याकडे गेली होतीस? कसे आहेत? नव्वदीला टेकले असतील… आणि नवा नमुना दिला त्यांनी? बरं… बरं… काय निघालं?… बशीभर भोकं. चाळणी.

आणि फ्रीझरमधला जुना?

परत सांग… एकही नाही? अख्खी जांभळी?… कितीदा करून बघितलंस?… तीनदा. अगं, आणि विषाणू घातला होतास का?… नाही, तुझ्यावर शंका नाही गं. रागावू नकोस. फक्त सांग, स्वतःच्या हातानं घातलास?… बरं. बरं.

तुमच्या बाई काय म्हणतात?… दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे जुना नमुना खराब. टाकून द्या… कधी?… आज पाचला? फ्रीझरच न्यायला येतायत?… आता साडेतीन झाले की.

ऐक. मध्ये बोलू नकोस हं, नाहीतर माझा धीर सुटेल. अकरा नंबर काका नाहीत.

नाहीत म्हणजे नाहीत. काकांच्या ट्यूब माझ्या हातून पडल्या. फुटल्या. आणि काका त्याच दिवशी दोन आठवड्यांच्या रजेवर गेलेले. संध्याकाळपर्यंत वीस जण पुरे हवे होते. माझी नोकरी पक्की व्हायला अडीच महिने उरलेले. मग काय करणार? जेवणाच्या सुट्टीत बाटल्या धुण्याच्या खोलीत गेले आणि आईला म्हटलं, मान मागे कर.

हो… तुझी आजी.

यादीत नव्हती ती. धुण्याच्या खोलीतलं कोणीच यादीत नव्हतं, सरांना सुचलंच नाही. आईचे हात कोपरापर्यंत साबणात. कशाला, काय, काही विचारलं नाही. म्हणाली, लवकर आटप, बाटल्या वाळत घालायच्यात… त्या साथीत मी, तुझी आई, तुझे आजोबा, तिघंही अंथरुणाला खिळलो होतो. तिला साधी शिंक आली नाही.

मग काय… सरांनी ती बशी उजेडाकडे धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, विषाणू घालायलाच विसरलात… अगं, कशी म्हणू, की विसरले नाही? ते म्हणाले असते, काका आले की पुन्हा घ्या. आणि पुन्हा घेतला असता की माझं बिंग फुटलं असतं. म्हटलं, हो सर, विसरले. मग अकरा सोडून द्या, म्हणाले. अकरावर लाल रेघ आहे ना? ती मीच मारलीय.

आणि ऐक ना… अडतीस वर्षं तेच म्हणत आले, तर मलाच ते खरं वाटायला लागलं. खरंच विसरले असेन, म्हटलं. निवृत्तीच्या दिवशी भाषणात तोच किस्सा सांगून हशा मिळवला मी.

नाही… आजीनं नाही मानलं. ती बशी धुवायला तिच्याकडेच गेली होती ना. घरी चालत येताना म्हणाली, आज एक बशी किती सुरेख रंगली होती, घासायला जिवावर आलं. मग मी सगळं सांगितलं. रस्त्यातच रडले. तर ती म्हणाली, तू घातला होतास ना? मग घातला होतास. आणि भाजीची पिशवी माझ्या हातात दिली. संपलं. तिच्या लेखी तिथंच संपलं.

रडत नाहीये… हो, रडतेय. कसला आवाज? दूध गेलं उतू. जाऊ दे.

किती ट्यूब उरल्यात?… दोन. आधी त्या काढ बाहेर, दुसऱ्या फ्रीझरमध्ये ठेव, मग बाईंकडे जा. माझं नाव सांग. लबाडी माझी, तुझी नाही. आता मला कोण कामावरून काढतंय?… संमती? आजी नाही राहिली, पण तिच्या दोन मुली आहेत ना. मी सही करते, तुझ्या आईला मी सांगते. आमची नाकंही घ्या. तुझंही घे… पण एका नाकावरून सिद्धांत मांडू नकोस हं. काही निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. मला त्याचं काही नाही.

वही समोर आहे?… पेन घे. काकांच्या नावावर एकच रेघ मार, गिचमिड नको, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला तारीख आणि तुझी सही. आता वर आजीचं नाव लिही. पूर्ण… कामाच्या रकान्यात सफाई नको. बाटल्या धुणारी लिही, ती तसंच सांगायची. आणि शेऱ्यात, माझी लाल रेघ आहे ना, तिच्या शेजारी… लिही, विषाणू घातला होता.

लिहिलंस?… वाच बघू.

हं… परत वाच… नाही गं, पहिल्यांदाच ऐकू आलं. तरी वाच.

…

बरं. पळ आता, पाच वाजतील. ठेवते मी, गॅस पुसायचाय.