फादर, तुम्ही पाणी मागितलं नाहीत

मंडळी, आबा, तात्या, आयाबायांनो, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनो. शाळेच्या या ओट्यावर मी रोज बोलतो. आज जीभ उचलत नाही. आपण फादरांसाठी जमलोय, दुःख तर आहेच. पण मला रागही आलाय. फादर आमच्याशी खोटं बोलले. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, ठाऊक आहे मला. पण गोड बोलून खाली उतरलो, तर मीही खोटाच ठरेन.

नव्या पोरांसाठी सांगतो. फादर पुण्याला जेझुइट पाद्र्यांच्या विद्यापीठात शिकवायचे. विषय होता मानवी उत्कृष्टता. नाव ऐकूनच आम्हाला घाम फुटायचा. ते म्हणायचे, पहिला नंबर म्हणजे उत्कृष्ट नव्हे. डोकं, मन, हात, सगळं वाढवून जो दुसऱ्याच्या कामी येतो, तो उत्कृष्ट. ऐकायला सोपं! परीक्षा मात्र ते इथं, आपल्या वडगावात घ्यायचे. दरवर्षी पंधरा दिवस पोरं आणायची, घराघरांत ठेवायची. आणि नियम एकच. उंबऱ्यात पाऊल टाकलं की आधी पाणी मागायचं.

मी याच गावचा. पण पुण्यात फादरांकडे शिकत दोन वर्षं काढलेली, खांद्याला बाटली. हे समोरचं घर शेवंतामावशींचं. त्यांच्या दारात मी बाटलीतलं पाणी प्यालो आणि लगेच त्यांच्या नातीला गणित शिकवायला बसलो. फादरांनी मला नापास केलं. अख्ख्या वर्गात मला एकट्याला! मी भांडलो. म्हटलं, मी तर शिकवत होतो. ते म्हणाले, "द्यायला पुढं आलास, घ्यायची लाज वाटली. ज्याला मागता येत न्हाय, त्याचं देणं म्हणजे नुसती मिजास." फादर मूळचे मंगळूरचे. ते 'न्हाय' त्यांनी मावशींकडूनच उचललेलं.

त्या एका बोलण्यावर मी जगलो, मंडळी. बायकोला रक्त लागलं, तेव्हा याच गावात दारोदार हात जोडत फिरलो. लाजलो नाही.

आणि फादर? गेल्या महिन्यात मी फोन केला. कसे आहात? म्हणाले, "लई झकास हाय! तू जेवलास का?" तेव्हा ते दवाखान्यात खाटेवर होते. चार महिन्यांपासून. कूस बदलायला माणूस लागत होता. सोबतच्या ब्रदरांना त्यांनी बजावलेलं, पोरांना कळवू नका, त्यांना कामं असतात. हे ब्रदरांनी मला काल सांगितलं. कसली कामं, फादर? इथून बारामतीला, तिथून पुण्याला गाड्या नाहीत का?

काल मावशी म्हणाल्या, "मास्तर, इतकी वरसं फादर माज्या दारचं पानी प्यालं. आन् जाताना येक पेला पाजू दिला न्हाय. परकं समजलं का आमाला?" तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ मी त्यांना?

तुम्ही आम्हाला फसवलंत, फादर. मागायला शिकवलंत, आणि स्वतः मागितलं नाहीत. ज्या परीक्षेत मला नापास केलंत, त्याच परीक्षेत तुम्ही नापास झालात. मीही आता मास्तर आहे. एक गुण वाढवून देणार नाही.

पण मला तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा बसवलं होतंत. याच दारात. तुम्हाला आता मी कुठं बसवू?

घसा कोरडा पडलाय. पोरांनी इथं टेबलावर पाण्याची बाटली ठेवलीय. ती मला नको. मावशी, मला तुमच्या घरचं पाणी द्या.

मावशी घरात जाऊन तांब्या घेऊन येईपर्यंत आपण सगळे उभे राहू. कुणी काही बोलू नका.