रोज एक अक्षर

बाबांच्या मृत्यूचा दाखला घेऊन मी खिदिरपूरच्या बँकेत बसले होते. मागच्या बाकावर चक्क मराठी ऐकू आलं. वडील आणि मुलगी.

"बाबा, आता नवा ब्राउझर घ्या. त्यात वाचता वाचता लिहिताही येतं. तुमचा जुना म्हणजे बैलगाडी."

"बैलगाडीच बरी, वैदेही. तिच्यात तुझी आई आहे."

"म्हणजे?"

"एक अक्षर टाइप केलं की तिनं शोधलेलं खाली दिसतं. ती गेल्यापासून रोज एकच अक्षर बघतो. पुरवून पुरवून. 'ग'ला आलं, गुडघेदुखीवर घरगुती उपाय. मला कधी बोलली नाही गं."

"मलाही नाही."

"काल 'प' झालं. पुण्याची गाडी किती वाजता सुटते. मी आपला दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ."

"बाबा, सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा मी ते सगळं पुसून टाकलं. जरा वेग यावा म्हणून."

"सगळं?"

"हो."

"असू दे. 'फ'ला तसंही काय असणार?"

"पण पुढची अक्षरं होती ना, बाबा."

"चाळीस वर्षं तुझी आई घरातच होती. तेव्हाच विचारायला हवं होतं."